लिटरेचर सर्व्हे नीट कसा करावा: पेपर शोधण्यापासून संदर्भ देण्यापर्यंत

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला प्रोजेक्टचा विषय ठरला की पहिल्या रिव्ह्यूआधी गाईड लिटरेचर सर्व्हे, म्हणजे त्या विषयावरच्या आधीच्या संशोधनाचा आढावा, मागतात. मग गूगलवर विषय टाकून वर येतील ते दहा पेपर उचलले जातात, त्यांचे ॲबस्ट्रॅक्ट थोडे फिरवून तक्त्यात बसवले जातात आणि ब्लॅक बुक (प्रोजेक्टचा अहवाल) छापायच्या आदल्या रात्री कुठल्यातरी सीनियरच्या फाइलवरून संदर्भांची यादी पुरी होते. याने रिव्ह्यू पार पडत असेल, पण विद्यार्थ्याचे मोठे नुकसान होते. आपण पुढचे सहा महिने जे बांधणार ते आधी कोणी बांधले आहे का, तयार डेटा कुठे मिळतो, लोक कुठे अडले, हे सगळे याच प्रकरणात कळायचे असते.

पूर्ण लेखात मी एकच नियम धरून चालणार आहे: जो पेपर स्वतः उघडून पाहिला नाही तो यादीत जाणार नाही, आणि जो उघडला त्याची नोंद त्याच वेळी होईल. हा नियम पाळला की शोधणे, वाचणे आणि संदर्भ देणे एकाच ओघात होते आणि शेवटच्या रात्रीची धावपळ उरत नाही.

उदाहरणासाठी एक खरा विषय घेऊ. मराठी मजकुरातली व्यक्ती, ठिकाणे, संस्था यांची नावे संगणकाने आपोआप ओळखायची. या कामाला नेम्ड एंटिटी रेकग्निशन म्हणतात, थोडक्यात एनईआर.

आधी प्रश्न, मग शोध

‘मराठी एनएलपी’ (संगणकाकडून मराठी भाषा हाताळणे) हा विषय झाला, प्रश्न नव्हे. त्यावर शोधाल तर भाषांतरापासून हस्ताक्षर ओळखण्यापर्यंत सगळे अंगावर येईल. वहीत एक वाक्य लिहा: ‘मराठी बातम्यांमधली नावे ओळखण्यासाठी कोणते डेटासेट आहेत आणि कोणती मॉडेल त्यांवर किती चांगली चालतात?’ या वाक्यात बसत नाही तो पेपर कितीही आकर्षक असला तरी बाजूला ठेवायचा.

मग शब्द जमवा. संशोधक एकाच गोष्टीला वेगवेगळी नावे देतात. एनईआरला कुणी एंटिटी एक्स्ट्रॅक्शन म्हणतो, तर कुणी ते काम सिक्वेन्स लेबलिंगमध्ये (वाक्यातल्या प्रत्येक शब्दाला खूण लावणे) धरतो. भाषेच्या बाजूने तर जास्तच सावध राहावे लागते. केवळ ‘मराठी’ शब्द शीर्षकात शोधलात तर ‘नामपदम्’ हा आयआयटी मद्रासच्या एआय४भारत गटाचा मोठा डेटासेट हातातून निसटेल. २०२३ च्या एसीएल या भाषातंत्रज्ञानाच्या परिषदेतल्या त्या पेपरच्या शीर्षकात ‘इंडिक लँग्वेजेस’ आहे आणि मराठी आत, ११ भाषांपैकी एक म्हणून. म्हणून दोन रांगा करा. एका रांगेत कामाची नावे, दुसरीत ‘मराठी’, ‘इंडिक लँग्वेजेस’, ‘इंडियन लँग्वेजेस’, ‘लो-रिसोर्स’ (कमी डेटा असलेल्या भाषा). प्रत्येक जोडी वेगळी शोधायची. शोध अर्थात इंग्रजी लिपीतच टाकायचा.

सोबत एक स्प्रेडशीट उघडा: तारीख, कुठे शोधले, नेमके कोणते शब्द टाकले, किती पेपर ठेवले. ‘तुम्ही हे पेपर कसे निवडले?’ असा प्रश्न परीक्षकाने विचारला की याच पानावरून उत्तर देता येते. शिवाय दोन आठवड्यांनी तेच शब्द पुन्हा टाकण्यात संध्याकाळ जात नाही.

कुठे शोधायचे

कॉम्प्युटर सायन्समध्ये एक गोष्ट इतर शाखांपेक्षा वेगळी आहे. इथे महत्त्वाचे काम बहुतेकदा जर्नलमध्ये नव्हे, परिषदांमध्ये येते. त्यामुळे आपल्या उपशाखेच्या मुख्य परिषदा कोणत्या आणि त्यांचे पेपर कुठे ठेवलेले असतात, हे आधी माहीत करून घ्या. भाषेच्या कामासाठी एसीएल अँथॉलॉजी आहे. एसीएल, ईएमएनएलपी, एनएएसीएल आणि त्यांच्या कार्यशाळांचे पेपर तिथे मोफत मिळतात. सिस्टिम आणि सिक्युरिटीवाल्यांसाठी युसेनिक्सचे पेपर खुले आहेत. कॉम्प्युटर व्हिजनसाठी सीव्हीएफचे खुले संकेतस्थळ आहे. आयसीएलआर या मशीन लर्निंगच्या परिषदेचे पेपर ओपनरिव्ह्यू या संकेतस्थळावर असतात आणि तिथे पेपर तपासणाऱ्या तज्ज्ञांचे अभिप्रायही वाचता येतात. पेपरच्या उणिवा कुठे आहेत हे शिकायला त्या अभिप्रायांइतकी चांगली जागा नाही.

आयईईई एक्सप्लोअर आणि एसीएम डिजिटल लायब्ररी ही दोन मोठी भांडारे सगळ्यांना माहीत असतात. एसीएमने १९५१ ते २००० या काळातले लेख २०२२ मध्ये सर्वांना खुले केले आणि जानेवारी २०२६ पासून सगळेच प्रकाशन खुले करण्याचे जाहीर केले. अल्गोरिदम, डेटाबेस, ऑपरेटिंग सिस्टिम यांचे मूळ पेपर वाचायचे असतील तर तिथे जा.

डीबीएलपी मात्र आपल्याकडे फार कमी विद्यार्थी वापरतात आणि याचे मला वाईट वाटते. जर्मनीतल्या ट्रियर विद्यापीठात १९९३ मध्ये सुरू झालेली ही सूची फक्त कॉम्प्युटर सायन्सची आहे आणि माणसे तिची देखभाल करतात. लेखकाचे नाव टाका, त्याचे सगळे पेपर वर्षवार समोर येतात. परिषदेतल्या पेपरला निळी खूण, जर्नलमधल्याला लाल, आणि तज्ज्ञांकडून परीक्षण न झालेल्या प्रतीला राखाडी. संदर्भ उतरवून घ्यायला यापेक्षा स्वच्छ जागा मला माहीत नाही.

गूगल स्कॉलर २००४ पासून आहे आणि त्याचे जाळे सर्वांत मोठे आहे. तिथे शब्दसमूह अवतरण चिन्हांत टाका, नको असलेल्या शब्दाआधी वजा चिन्ह द्या, डावीकडून वर्षाची मर्यादा घाला. पण त्याच्या क्रमवारीवर विसंबू नका. जास्त उद्धृत झालेले जुने पेपर वर येण्याकडे त्याचा कल असतो आणि मराठीसारख्या भाषेवरचे ताजे काम खाली दबते. सिमॅंटिक स्कॉलर जोडीला ठेवा. एखाद्या पेपरचा उल्लेख पुढच्या पेपरने कोणत्या वाक्यात केला हे तिथे बऱ्याचदा दिसते. ‘पेपर्स विथ कोड’ बघा असे जुन्या व्हिडिओंत सांगितलेले असते, पण ते संकेतस्थळ २०२५ मध्ये बंद झाले.

एका पेपरवरून दुसऱ्याकडे

शब्द टाकून शोधणे ही फक्त सुरुवात. खरा साठा दोन दिशांनी चालत गेल्यावर हाती लागतो, आणि शोधाच्या वेळेतला निम्म्याहून जास्त वेळ मी इथे घालवायला सांगेन.

समजा तुम्हाला पुण्याच्या एलथ्रीक्यूब गटाचा ‘महाएनईआर’ हा २०२२ चा पेपर मिळाला. त्यात हाताने खुणा केलेली २५,००० मराठी वाक्ये आणि नावांचे आठ वर्ग आहेत. आता मागे चला: त्याच्या संदर्भयादीतून कोणते पेपर पुन्हा पुन्हा दिसतात? गूगलचे बर्ट हे भाषा-मॉडेल येईल, एआय४भारतचे इंडिकबर्ट येईल, त्याच गटाचे महाबर्ट येईल. त्याआधीचे काम पाहत गेलात की २००८ मध्ये हैदराबादला भरलेल्या दक्षिण आणि आग्नेय आशियाई भाषांच्या एनईआर कार्यशाळेपर्यंत पोहोचाल. तिथल्या स्पर्धेत हिंदी, बंगाली, उडिया, तेलुगू आणि उर्दू होत्या, मराठी नव्हती. हा एक तपशील तुमच्या प्रस्तावनेत ‘मराठीसाठी कमी काम झाले आहे’ या गुळगुळीत वाक्यापेक्षा कितीतरी जास्त सांगून जातो.

मग पुढे चला: गूगल स्कॉलरमध्ये पेपरखाली ‘साइटेड बाय’ असते. त्यावर टिचकी मारा आणि ‘सर्च विदिन साइटिंग आर्टिकल्स’ ही चौकट निवडून त्यातच ‘मराठी’ शोधा. बर्टसारख्या पेपरला उद्धृत करणारे पेपर वाचून संपणार नाहीत, पण अशी चाळणी लावली की यादी आवाक्यात येते. ही मागे-पुढे चालण्याची पद्धत स्नोबॉलिंग म्हणून ओळखली जाते आणि तिची व्यवस्थित कृती क्लेस वोलिन यांनी २०१४ मध्ये मांडली. थांबायचे कधी? नवा पेपर उघडल्यावर त्याच्या यादीतले बहुतेक पेपर तुमच्या स्प्रेडशीटमध्ये आधीच असतील तेव्हा.

पीडीएफ मिळत नसेल तर

‘परचेस’ असे बटण दिसले म्हणून पेपर सोडून देऊ नका. आधी शीर्षक तसेच्या तसे शोधा. अनेक लेखक आपली प्रत अर्काइव्ह या पेपर खुले ठेवायच्या संकेतस्थळावर किंवा स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवतात. अनपेवॉल हे ब्राउझरचे एक्स्टेन्शन कायदेशीर मोफत प्रत असेल तर दाखवते. तुम्ही सरकारी संस्थेत शिकत असाल तर ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना तुमच्यासाठीच आहे. २०२५ च्या सुरुवातीपासून ६,३०० हून अधिक सरकारी संस्थांना ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके तिच्यातून वाचता येतात. लॉगिन कसे करायचे ते ग्रंथपालांना विचारा. खासगी कॉलेजात असाल तर कॉलेजने स्वतः घेतलेली वर्गणी कोणती, हेही तेच सांगतील. ग्रंथालयात या कामासाठी कोणी येत नाही, त्यामुळे विचारणाऱ्याला बहुधा मनापासून मदत मिळते.

तरीही मिळाला नाही तर लेखकाला मेल करा. नाव, कॉलेज, प्रोजेक्टचा विषय आणि ‘आपल्या पेपरची प्रत मिळू शकेल का?’ एवढ्या चार ओळी पुरतात. भारतातल्या भारतीय भाषांवर काम करणाऱ्या गटांना विद्यार्थ्याचे असे पत्र नकोसे वाटत नाही.

भरवशाचा पेपर कसा ओळखायचा

पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या जर्नलांचा सुळसुळाट आपल्या कॉलेजांभोवती फार आहे. ‘तीन दिवसांत स्वीकृती’, नावात ‘इंटरनॅशनल’ आणि ‘ॲडव्हान्स्ड’ यांची गर्दी, एकाच अंकात सिमेंटपासून सायबर सिक्युरिटीपर्यंतचे विषय, कुठल्यातरी अनोळखी संस्थेने दिलेला ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ ही त्यांची लक्षणे. पूर्वी विद्यापीठ अनुदान आयोगाची ‘केअर’ ही भरवशाच्या जर्नलांची यादी आधाराला होती. तिचे काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून चालत असे. आयोगाने ती बंद केली, त्यामुळे आता पारख आपल्यालाच करायची आहे.

नामांकित प्रकाशकाचे नाव असले की पेपर चांगलाच, असेही धरू नका. एमआयटीच्या विद्यार्थ्यांनी २००५ मध्ये सायजेन नावाचा प्रोग्राम लिहिला होता. तो निरर्थक पण दिसायला हुबेहूब असे कॉम्प्युटर सायन्सचे पेपर तयार करायचा. २०१४ मध्ये आयईईई आणि स्प्रिंगर यांना असे १२० हून अधिक पेपर मागे घ्यावे लागले. म्हणून मी तीन प्रश्न विचारतो. हा पेपर या क्षेत्रातल्या चांगल्या पेपरांनी उद्धृत केला आहे का? डेटा किंवा कोड उपलब्ध आहे का? प्रयोग इतका स्पष्ट लिहिला आहे का, की तो मी पुन्हा करू शकेन? तिन्ही उत्तरे ‘नाही’ आली तर पेपर सोडा.

वाचायचे कसे

सगळे पेपर पूर्ण वाचायचे नसतात. कॉम्प्युटर सायन्सचे संशोधक एस. केशव यांनी २००७ मध्ये मांडलेली तीन फेऱ्यांची पद्धत आजही उत्तम चालते. पहिल्या फेरीत पाच-दहा मिनिटे: शीर्षक, ॲबस्ट्रॅक्ट, प्रस्तावना, मथळे, निष्कर्ष, आणि संदर्भांतले ओळखीचे किती ते पाहणे. बहुतेक पेपर इथेच बाद होतात. दुसऱ्या फेरीत तासभर: आकृत्या, तक्ते, मुख्य युक्तिवाद. तिसरी फेरी, जिच्यात पेपर मनात पुन्हा बांधून पाहायचा, नवख्याला चार-पाच तास घेते. ती फक्त ज्या दोन-तीन पेपरांवर तुमचा प्रोजेक्ट उभा आहे त्यांच्यासाठी.

दुसऱ्या फेरीनंतर पेपर मिटा आणि स्वतःच्या शब्दांत पाच-सहा ओळी लिहा: प्रश्न काय, डेटा कोणता आणि किती, पद्धत कोणती, निकाल किती आणि कोणत्या मापाने, काय राहून गेले. मराठीत लिहिलेत तरी चालेल, उलट बरेच. भाषा बदलली की मूळ वाक्ये उचलण्याचा मोह आपोआप संपतो आणि समजले नसेल ते लगेच उघडे पडते.

इथे एक चूक मला तक्त्यांमध्ये सतत दिसते. ‘अॅक्युरसी’ किंवा ‘एफ-१’ (मॉडेलने किती नावे बरोबर ओळखली याचे माप) असा एकच रकाना करून सगळ्या पेपरांचे आकडे त्यात भरलेले असतात आणि सर्वांत मोठा आकडा ‘सर्वोत्तम’ ठरतो. महाएनईआरमध्ये आठ वर्ग आहेत, नामपदम्‌मध्ये व्यक्ती, ठिकाण, संस्था असे तीन. आठ वर्गांत ओळखणे आणि तिनांत ओळखणे या वेगळ्या परीक्षा आहेत, त्यांचे गुण शेजारी ठेवून पैज लावता येत नाही. शिवाय एफ-१ प्रत्येक शब्दावर मोजला की पूर्ण नावावर, यानेही आकडा बदलतो. ‘छत्रपती संभाजीनगर’ यातला एकच शब्द पकडला तर गुण द्यायचा का? तक्त्यात डेटासेट, वर्गांची संख्या आणि मोजण्याची रीत यांचे रकाने आकड्याच्या आधी यायला हवेत.

संदर्भाची नोंद

झोटेरो हे संदर्भ साठवायचे सॉफ्टवेअर बसवून घ्या, मोफत आहे. ब्राउझरमधल्या बटणावर टिचकी मारली की पेपर, पीडीएफ आणि तपशील साठवले जातात आणि वर्डमध्ये किंवा लाटेक या मजकूर मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये वापरता येतात. मात्र आपोआप आलेला तपशील तसाच स्वीकारू नका. लेखकांची नावे, वर्ष, परिषदेचे नाव, पाने आणि डीओआय (पेपरचा कायमचा ओळख-क्रमांक), या पाच गोष्टी तिथल्या तिथे तपासा.

सर्वांत जास्त गोंधळ आवृत्तीचा होतो. बर्टचा पेपर अर्काइव्हवर ऑक्टोबर २०१८ मध्ये आला. त्याचा क्रमांक १८१०.०४८०५ आहे, त्यातले पहिले चार अंक म्हणजे वर्ष आणि महिना. परीक्षण होऊन तो जून २०१९ मध्ये मिनीॲपोलिसच्या एनएएसीएल परिषदेत प्रसिद्ध झाला, पाने ४१७१ ते ४१८६. डीबीएलपीवर दोन्ही नोंदी दिसतात, अर्काइव्हची ‘कोअर’ या नावाखाली. परिषदेतली आवृत्ती असेल तर तीच द्यायची. अर्काइव्हची द्यायची ती फक्त पेपर अजून कुठेच प्रसिद्ध झाला नसेल तेव्हा, आणि मग ती परीक्षण न झालेली प्रत आहे हे ध्यानात ठेवून तिच्यावर बेताने भार टाकायचा.

आयईईई शैलीत, जी आपल्या बहुतेक कॉलेजांत मागतात, ही नोंद साधारण अशी वाचली जाईल: जे. देव्लिन, एम.-डब्ल्यू. चँग, के. ली आणि के. टुटानोव्हा, मग अवतरणांत शीर्षक, मग तिरक्या अक्षरांत परिषदेच्या इतिवृत्ताचे नाव, गाव, २०१९, पाने, डीओआय. मजकुरात चौकोनी कंसात क्रमांक, आणि यादी मजकुरात पहिला उल्लेख येईल त्या क्रमाने. मुळाक्षरांच्या क्रमाने लावलेली आयईईई यादी दिसली की ती हाताने केलेली आहे हे कळते.

लाटेक वापरणाऱ्यांसाठी एक बारीक गोष्ट. बिबटेक्स या संदर्भयादी बनवणाऱ्या साधनाच्या बऱ्याच शैली शीर्षकातली मोठी अक्षरे लहान करतात, मग बर्ट किंवा एनईआर छापून येते तेव्हा लहान अक्षरांत दिसते. असे शब्द महिरपी कंसात घाला. एसीएल अँथॉलॉजीवरून किंवा डीबीएलपीवरून घेतलेल्या नोंदीत ही काळजी बऱ्याचदा आधीच घेतलेली असते, गूगल स्कॉलरच्या नोंदीत ती क्वचितच असते.

डेटासेट, मॉडेल आणि सॉफ्टवेअर यांनाही संदर्भ द्यावा लागतो. हगिंग फेस या तयार मॉडेलांच्या संकेतस्थळावरून महाबर्ट उतरवून घेतले तर केवळ दुवा देऊन भागत नाही, त्यामागचा पेपर द्या. गिटहबच्या पानावर उजवीकडे ‘साइट धिस रिपॉझिटरी’ दिसले तर लेखकांना कोणता संदर्भ हवा आहे ते तिथेच सापडते. आकृती जशीच्या तशी घेतली तर आकृतीखाली स्रोत लिहा आणि परवाना पाहा. एसीएल अँथॉलॉजीतले २०१६ पासूनचे पेपर श्रेय देऊन वापरता येतात, सगळीकडे तसे नसते.

आणि ‘अ’च्या पेपरमध्ये ‘ब’चा निकाल वाचला तर ‘ब’चा पेपर उघडा. आकडे उतरवताना चुकतात, आणि ती चूक पेपरामागून पेपर पुढे जात राहते.

चॅटबॉटने दिलेले संदर्भ

चॅटजीपीटीसारखी साधने शोधाचे शब्द सुचवायला, अवघड परिच्छेद समजून घ्यायला उपयोगी आहेत. संदर्भ मात्र ती रचून देऊ शकतात: लेखक खरे, परिषद खरी, शीर्षक पटण्यासारखे, आणि असा पेपर अस्तित्वातच नाही. प्रत्येक शीर्षक डीबीएलपीवर किंवा डीओआयची नोंद ठेवणाऱ्या क्रॉसरेफवर शोधा, डीओआय उघडा, पीडीएफमध्ये ते विधान खरोखर आहे का पाहा. पेपर खरा पण त्यात ते म्हटलेलेच नाही, असेही होते, आणि ते पकडणे जास्त कठीण असते.

प्रकरण लिहिताना

‘अमुक यांनी २०१९ मध्ये हे केले. तमुक यांनी २०२१ मध्ये ते केले.’ असे दहा परिच्छेद लिहिले तर वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. पेपर विषयवार बांधा. आपल्या उदाहरणात एक परिच्छेद डेटासेटचा, एक बहुभाषी मॉडेल विरुद्ध फक्त मराठीवर शिकवलेल्या मॉडेलचा, एक उरलेल्या अडचणींचा. प्रत्येक परिच्छेदाचे पहिले वाक्य तुमचे हवे आणि पुढच्या वाक्यांत पेपर त्याला आधार म्हणून यावेत. संदर्भाचा क्रमांक परिच्छेदाच्या शेवटी एकदाच न टाकता ज्या विधानाला आधार हवा त्याच्या शेजारी टाका.

प्रबंधांतल्या साम्याबद्दल विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे नियम स्पष्ट आहेत. १० टक्क्यांपर्यंत शिक्षा नाही, १० ते ४० टक्क्यांत सुधारून पुन्हा सादर करावे लागते, ४० ते ६० टक्क्यांत वर्षभर सादर करता येत नाही, ६० टक्क्यांच्या वर नोंदणी रद्द. श्रेय देऊन घेतलेली अवतरणे आणि संदर्भयादी या मोजणीत धरत नाहीत. पण टक्केवारी कमी करण्यासाठी शब्द फिरवणारी साधने वापरू नका. ‘डीप लर्निंग’चे ‘प्रोफाउंड लर्निंग’ झालेले अहवाल परीक्षकांच्या चटकन लक्षात येतात, आणि श्रेय न देता उचललेली कल्पना शब्द बदलले तरी उचललेलीच राहते.

छपाईला देण्याआधी अर्धा दिवस राखून ठेवा. मजकुरातला प्रत्येक क्रमांक यादीत आहे का आणि यादीतली प्रत्येक नोंद मजकुरात कुठेतरी आली आहे का, हे पेन्सिलने टिक करत पाहा. प्रत्येक डीओआय उघडा. उघडलेल्या पानावर ‘रिट्रॅक्टेड’ (मागे घेतलेला) असे लिहिलेले असेल तर तो पेपर काढा आणि त्यावर टेकलेले वाक्यही पुन्हा लिहा. शेवटी ग्रुपमधल्या मित्राला यादीतले कोणतेही तीन क्रमांक निवडायला सांगा आणि त्या पेपरांत काय आहे ते कागद न बघता त्याला सांगा. एखाद्यावर अडलात तर तो पेपर त्याच संध्याकाळी उघडून वाचा किंवा यादीतून काढून टाका.